जपान सरकारच्या खर्चाने जपानी शिकायला जायचंय? अर्जाला एक रुपयाही लागत नाही, पण वेळ चुकली तर संधी गेली

"भाऊ, हे खरं आहे का खोटं, तेवढं सांगा." असं म्हणत एका वाचकाने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज होता: जपान सरकारची स्कॉलरशिप, शंभर टक्के गॅरंटी, फॉर्म फी २५ हजार, मोजक्याच जागा शिल्लक. त्यांची मुलगी पुण्यात जपानी भाषेच्या पदवीला दुसऱ्या वर्षाला आहे. घरात दीड एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. बायकोची पोत गहाण ठेवून पैसे भरायची तयारी झाली होती.

उत्तर असं आहे: स्कॉलरशिप खरी आहे, गॅरंटी खोटी आहे आणि फॉर्म फी तर साफ खोटी आहे. जपान सरकारच्या या शिष्यवृत्तीच्या अर्जाला फी नाही. पण मेसेज खोटा म्हणून ती संधी सोडून द्यायची, हेही बरोबर नाही. म्हणून आज ही शिष्यवृत्ती काय आहे, कोणाला मिळते आणि अर्ज कसा करायचा, ते एकेक करून बघू.

ही शिष्यवृत्ती आहे तरी काय?

जपानचं शिक्षण मंत्रालय परदेशी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या शिष्यवृत्त्या देतं. या मंत्रालयाला थोडक्यात 'मेक्स्ट' म्हणतात, म्हणून 'मेक्स्ट स्कॉलरशिप' हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. त्यातला एक प्रकार खास जपानी भाषा आणि संस्कृती शिकणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजीत त्याला 'जॅपनीज स्टडीज' म्हणतात, आणि जपानीत या विद्यार्थ्यांना 'निक्केनसेई' म्हणतात.

यात साधारण एक वर्ष जपानमधल्या विद्यापीठात राहून शिकायचं असतं. बहुतेक कोर्स ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. वर्ष संपलं की परत यायचं आणि आपल्या कॉलेजातली पदवी पूर्ण करायची. तिकडची पदवी मिळत नाही, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ही नोकरीची योजना नाही आणि तिकडे कायमचं राहण्याचीही नाही. हे आधीच डोक्यात पक्कं असावं.

पैसे किती मिळतात, आणि कशाचे मिळत नाहीत

दरमहा १,१७,००० येन मिळतात. येनचा भाव वरखाली होतो, तरी आपल्या रुपयात साधारण साठ-सत्तर हजारांच्या आसपास धरा. काही ठरावीक भागांत महिन्याला दोन-तीन हजार येन जास्त मिळतात. विद्यापीठाची फी माफ असते. जाण्या-येण्याचं विमानाचं तिकीटही जपान सरकार काढतं.

आता जे मिळत नाही ते नीट वाचा, कारण घरची माणसं इथंच अडकतात. गावापासून विमानतळापर्यंतचा खर्च आपला. प्रवासाचा विमा काढला तर तो आपला. राहण्याचं भाडं आणि जेवण महिन्याच्या पैशातूनच भागवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला हप्ता पोहोचल्या दिवशी हातात पडत नाही. सुरुवातीच्या खर्चासाठी साधारण २,००० अमेरिकन डॉलर जवळ ठेवावेत, असं त्यांच्याच सूचनेत लिहिलेलं असतं. म्हणजे आपले दीड लाखाच्या वर. सगळं फुकट आहे म्हणून निर्धास्त राहिलात आणि निवड झाल्यावर ऑगस्टमध्ये धावाधाव सुरू झाली, तर सावकाराच्या दारात जायची वेळ येते. निवड होण्याआधीच हे पैसे कुठून उभे करायचे, याचा विचार घरात झाला पाहिजे.

आणखी एक नियम आहे. तिथे दर महिन्याला विद्यापीठात जाऊन सही करावी लागते. सही नाही तर त्या महिन्याचे पैसे नाहीत.

कोणाला अर्ज करता येतो?

इथे तीन अटी आहेत, आणि तिन्ही एकदम लागू होतात.

पहिली अट वयाची. वय १८ पूर्ण आणि ३० च्या आत. जन्मतारखेची नेमकी मर्यादा दरवर्षीच्या सूचनेत दिलेली असते.

दुसरी अट कोर्सची. जपानबाहेरच्या विद्यापीठात, म्हणजे आपल्याकडे, जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवीला शिकत असलं पाहिजे. विद्यापीठात जपानीचं शिक्षण किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स करणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. बीकॉम करता करता संध्याकाळी जपानीचा क्लास लावलाय, तरी नाही.

तिसरी अट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जपानला जाताना आणि परत आल्यावरही तुम्ही आपल्या कॉलेजचे पदवीचे विद्यार्थी असायला हवेत. म्हणजे शेवटच्या वर्षात अर्ज केला, जूनमध्ये पदवी हातात आली आणि ऑक्टोबरला निघायचं म्हटलं, तर चालत नाही. पदवी झाली की या प्रकाराचं दार बंद होतं.

याचं सरळ गणित मांडू. तीन वर्षांची पदवी धरली, तर पहिलं वर्ष नीट शिकायचं. दुसऱ्या वर्षात असताना, साधारण जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास सूचना निघते, तेव्हा अर्ज करायचा. निवड झाली तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन ऑक्टोबरच्या सुमारास जपानला जायचं. पुढच्या वर्षी परत येऊन तिसरं वर्ष पूर्ण करायचं. पदवीला एक वर्ष जास्त लागतं, पण ते वाया जात नाही.

मात्र मधे वर्षभर सुट्टी देता येते का, परत आल्यावर त्याच वर्गात घेतात का, हे कॉलेजकडून आधीच लेखी घ्या. सर तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले, एवढ्यावर राहू नका.

जपानी किती यायला हवी?

तिथल्या वर्गात शिकवलेलं समजेल इतकी. जपानी भाषेची जगभर होणारी सगळ्यात मोठी परीक्षा आहे, तिला जेएलपीटी म्हणतात. एन-५ ही सगळ्यात सोपी पायरी आणि एन-१ सगळ्यात अवघड. या शिष्यवृत्तीला टिकायचं तर एन-३ च्या पुढे, एन-२ च्या जवळपास तयारी असलेली बरी. एन-५ वर भागत नाही.

ही परीक्षा जुलै आणि डिसेंबर महिन्यांतल्या पहिल्या रविवारी होते. आपल्याकडे पुणे आणि मुंबई ही केंद्रं आहेत. फॉर्म कित्येक महिने आधी भरावा लागतो आणि जागा लवकर भरतात. म्हणून 'पुढच्या वेळेला बघू' असं करू नका.

आता थोडं धीराचं. जपानी म्हणजे फार अवघड, असं सगळेच म्हणतात. लिपी अवघड आहेच. हिरागाना आणि काताकाना या दोन लिपींत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं आहेत, वर कांजी म्हणजे चिनी चित्राक्षरं. नेहमीच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या कांजींची संख्याच २,१३६ आहे. पण वाक्याची रचना मराठीसारखी आहे. आपण म्हणतो 'मी पाणी पितो'. जपानी माणूस म्हणतो 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु'. वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमासु म्हणजे पितो. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. आपले 'ला, ने, चा' जसे शब्दाला मागून लागतात, तसेच त्यांचेही लागतात. 'तू, तुम्ही, आपण' हा मान ठेवायचा फरक आपल्या पोरांना वेगळा शिकवावा लागत नाही, त्यामुळे जपानीतली आदराची भाषाही लवकर उमगते.

त्यांची अक्षरमालाही ऐका: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीची वाटली ना? हा क्रम संस्कृतच्या वर्णमालेवरून आलेला आहे. बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तो तिकडे पोचला. अंगणवाडीत बाराखडी घोकलेल्या पोराला हा क्रम परका नाही.

अर्जाला काय काय लागतं?

नेमकी यादी त्या त्या वर्षीच्या सूचनेत असते. साधारणपणे ही कागदपत्रं लागतात:

१. भरलेला अर्ज, जपानी किंवा इंग्रजीत.
२. कोणत्या विद्यापीठात जायचं त्याचा पसंतीचा फॉर्म.
३. आतापर्यंतच्या सगळ्या परीक्षांची अधिकृत गुणपत्रिका.
४. आपण सध्या शिकत आहोत, याचा कॉलेजचा दाखला.
५. विभागप्रमुख किंवा प्राध्यापकांचं शिफारसपत्र.
६. त्यांच्याच नमुन्यातलं डॉक्टरचं प्रमाणपत्र.
७. जेएलपीटीसारखी परीक्षा दिली असेल तर तिची प्रत.

कागद मराठीत असेल तर इंग्रजी किंवा जपानी भाषांतर जोडावं लागतं. शिफारसपत्र आदल्या दिवशी मागू नका. सरांना निदान तीन आठवडे द्या.

विद्यापीठांची पसंती भरण्यासाठी मंत्रालय एक मोठी माहितीपुस्तिका काढतं. ती मोबाईलवर मोफत वाचता येते. कोर्स दोन तऱ्हेचे असतात. एकात भाषा सुधारण्यावर भर, दुसऱ्यात जपानच्या समाज-संस्कृतीचा अभ्यास आणि जोडीला भाषा. फक्त टोकियो-ओसाका बघू नका. लहान शहरात भाडं कमी, आणि इंग्रजी बोलणारे कमी म्हणून जपानी लवकर सुधारते.

नावाचा घोळ आधी मिटवा

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर वेगळा क्रम, स्पेलिंग तिसरंच. पासपोर्टवर जे नाव आणि स्पेलिंग आहे, तेच अर्जावर लिहा आणि बाकी कागद त्याच्याशी जुळवून घ्या. मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्यायला वेळ लागतो.

पासपोर्ट नसेल तर आजच कामाला लागा. प्रौढांसाठी ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. अनेक जिल्ह्यांत मुख्य पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा अ‍ॅपवरून किंवा 'पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन' या साईटवरूनच करा. गूगलवर शोधलं की हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साईट वर येतात आणि दुप्पट पैसे घेतात. शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का, ते बघूनच पुढे जा.

अर्ज कुठे जातो आणि निवड कशी होते?

भारतात जपानचा दूतावास दिल्लीत आहे आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबईत वाणिज्य दूतावास आहे. शिष्यवृत्तीची सूचना दूतावासाच्या अधिकृत वेबसाईटवर येते. कागद कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत पोहोचले पाहिजेत, ते तिथेच लिहिलेलं असतं. 'पोहोचले पाहिजेत' हा शब्द महत्त्वाचा. तारखेच्या दिवशी पोस्टात टाकून उपयोग नाही.

आधी कागदांची छाननी होते, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. त्यातून दूतावास काही नावं जपानला कळवतो आणि शेवटचा निर्णय तिकडचं मंत्रालय घेतं. या सगळ्या साखळीत एजंटला जागाच नाही. त्यामुळे 'आमची आत ओळख आहे' म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, हे धरून चाला.

दुसरा एक मार्गही आहे. तुमच्या विद्यापीठाचा जपानमधल्या एखाद्या विद्यापीठाशी करार असेल, तर ते जपानी विद्यापीठ तुमची शिफारस थेट मंत्रालयाकडे करू शकतं. म्हणून विभागात जाऊन एवढंच विचारा, "सर, आपला कोणत्या जपानी विद्यापीठाशी करार आहे?"

मुलाखतीत गाव लपवू नका

मुलाखतीत विचारतात, जपानला जाऊन काय अभ्यासणार? सगळे अ‍ॅनिमे आणि बुलेट ट्रेन सांगतात. गावाकडच्या मुलामुलींकडे सांगायला जास्त आहे. जपानमध्ये गावं ओस पडत चालली आहेत, रिकाम्या घरांना तिथे 'आकिया' म्हणतात. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचं देशभर जाळं आहे, त्याला 'जेए' म्हणतात. ओइता प्रांतात १९७९ मध्ये 'एक गाव, एक उत्पादन' ही चळवळ सुरू झाली. आपल्याकडची सहकारी सोसायटी, दूध डेअरी, बचत गट बघत वाढलेल्या मुलीने यातला एक विषय धरला, तर ती मनापासून बोलेल. पाठ केलेलं उत्तर लगेच उघडं पडतं.

एजंट नेमका कुठे फसवतो?

जपानमध्ये खासगी भाषा शाळा भरपूर आहेत. तिथे वर्षाची फी साधारण सात-आठ लाख येन असते आणि ती विद्यार्थ्याने भरायची असते. काही एजंट या शाळांचा प्रवेश 'स्कॉलरशिप' म्हणून विकतात. फीमध्ये थोडी सूट दाखवतात आणि 'तिकडे पार्टटाईम करून फेडून टाक' म्हणतात. परदेशी विद्यार्थ्याला जपानमध्ये परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येतं. त्यात राहणं, खाणं, फी आणि गावाकडच्या कर्जाचा हप्ता भागत नाही. मग पोरं जास्त तास काम करतात आणि व्हिसा धोक्यात येतो. भाषा शाळेत जाणं चूक नाही, पण ती शिष्यवृत्ती नव्हे. जमीन विकण्याआधी हा फरक समजून घ्या.

कोणी मेसेज दाखवला तर तीन प्रश्न विचारा. पैसे कोण देणार, त्याचं अधिकृत पत्र कुठे आहे? अर्ज दूतावासात जातो का तुमच्या ऑफिसात? फी कशाची? उत्तराला टाळाटाळ झाली की उठून या.

आमचं पोरगं अजून बारावीत आहे, मग?

मग तुमच्या हातात वेळ आहे. जपानीची पदवी पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात करता येते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सीयूईटी परीक्षेतून जपानी बीए ऑनर्सला प्रवेश मिळतो, तिथली फी आपल्याकडच्या खासगी कॉलेजपेक्षा खूप कमी आहे. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीतही जपानी शिकवतात.

बारावीनंतर थेट जपानमध्येच पदवी करण्यासाठीही मेक्स्टची वेगळी शिष्यवृत्ती आहे. त्यात पहिलं वर्ष मुख्यतः जपानी शिकवतात आणि मग साधारण चार वर्षं पदवी. तिची स्पर्धा मोठी आहे, आणि परीक्षेत भाषेबरोबर गणितही असतं.

चिनी भाषा शिकायची असेल तर तैवानची 'हुआयू' शिष्यवृत्ती आहे. त्यात बारावी झालेल्याला आणि चिनी अजिबात न येणाऱ्यालाही अर्ज करता येतो. पण विमानाचं तिकीट मिळत नाही आणि शाळेची फी महिन्याच्या पैशातून स्वतःच भरायची असते. जर्मन शिकणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी जर्मनीची 'डाड' संस्था काही आठवड्यांच्या उन्हाळी कोर्सला मदत करते. प्रत्येकीची अट वेगळी, म्हणून एकीची माहिती दुसरीला लावू नका.

परत आल्यावर काय?

नोकरीची हमी कोणी देत नाही, आम्हीही देणार नाही. पण चाकण, रांजणगाव, सुपा या भागांत जपानी कंपन्या आहेत आणि दुभाषा, भाषांतर, कार्यालयीन काम यासाठी चांगली जपानी येणारी माणसं लागतात. वर्षभर तिथे राहून आलेल्याची भाषा आणि फक्त पुस्तकावर शिकलेल्याची भाषा, यातला फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

त्या वाचकांनी २५ हजार भरले नाहीत. मुलीने विभागात जाऊन सरांना विचारलं, तेव्हा कळलं की अर्ज अजून करता येतो. आता ती डिसेंबरच्या परीक्षेची तयारी करतेय आणि पासपोर्टसाठी पोस्टातली तारीख मिळाली आहे. निवड होईल की नाही, ते पुढचं पुढे. पोत अजून घरातच आहे, हे महत्त्वाचं.

तुमच्या गावात कोणी भाषा शिकत असेल तर त्याला ही माहिती दाखवा. आणि तो फी मागणारा मेसेज ग्रुपवर आला, तर पुढे पाठवू नका.